सहा मिलिमीटरची फौज: रंगकाम आणि बेसिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथेतल्या युद्धखेळांची अगदी बारक्या मापाची फौज रंगवायला आणि तिचं बेसिंग (पायाखालच्या चकतीवर जमीन तयार करणं) करायला घेतलेल्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. मोठ्या, 28-32 मिमीच्या मिनिएचरवर (खेळातल्या छोट्या प्रतिकृतींवर) ज्यांचा हात बसलाय त्यांनी आधी प्रश्न 3 वाचावा. त्यांच्याच जुन्या सवयी इथे सगळ्यात जास्त आड येतात.

1. 6 मिमी, 8 मिमी, 1/285, 1/300... हा काय गोंधळ आहे?

6 मिमी म्हणजे उभ्या माणसाची तळपायापासून डोळ्यांपर्यंतची उंची. ब्रिटनमधले बनवणारे साधारण 1/300 धरतात, अमेरिकेतले 1/285. टेबलावर हा फरक कुणाला दिसत नाही. गेम्स वर्कशॉपने 1988 मध्ये 'अडेप्टस टायटॅनिकस' आणि 1989 मध्ये 'स्पेस मरीन' काढले आणि या मापात विज्ञानकथा रुळली. 2018 मध्ये 'टायटॅनिकस' नव्याने आला तो 8 मिमीच्या आसपासच्या मापात, आणि 2023 च्या 'लीजन्स इम्पिरिअलिस'ने तेच माप धरलं. 'बॅटलटेक'चे यांत्रिक योद्धे 6 मिमीच्या जवळपास बसतात. 2012 चा 'ड्रॉपझोन कमांडर' 10 मिमीचा. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं तिन्ही मापांना चालतं. मापं एकत्र करायची असतील तर प्रश्न 17.

2. सुरुवातीला काय काय घ्यावं लागेल? ट्रिपल झिरो ब्रश लागेलच ना?

नाही लागत, आणि घेऊही नका. इतक्या बारीक ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही. आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवरून सैनिकापर्यंत पोहोचेस्तोवर टोक सुकलेलं असतं. टोक चांगलं टिकवणारा 1 नंबरचा ब्रश घ्या, वॉशसाठी (खाचांमध्ये उतरणारा पातळ गडद रंग) 2 किंवा 3 नंबरचा, आणि ड्रायब्रशला (जवळजवळ कोरडा ब्रश फिरवून फक्त उंचवटे रंगवायला) एखादा जुना, केस विस्कटलेला चपटा ब्रश. तो घरात असतोच.

रंगांचं म्हणाल तर सैनिकांसाठी वालेहो, आर्मी पेंटर किंवा सिटाडेलसारखे मॉडेलचे रंग घ्या. त्यांचे कण बारीक असतात आणि पातळ थरातही झाकतात. आठ-दहा बाटल्यांत एक फौज निघते. बेस, इमारती, टेकड्या यांना स्टेशनरीच्या दुकानातले कॅम्लिनचे अॅक्रिलिक उत्तम. तिथे महाग रंग ओतण्यात अर्थ नाही. कापडावर वापरायचे रंग मात्र सैनिकांना लावू नका, त्यांचा थर रबरासारखा बसतो आणि कोरीव काम बुजतं.

परदेशातून मागवत असाल तर एक लक्षात ठेवा. स्प्रेचे डबे साध्या हवाई टपालाने येत नाहीत. ते इथेच शोधावे लागतात, नाहीतर ब्रशने लावायचा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) घ्यावा.

3. एवढ्याशा सैनिकाचे डोळे, पट्टे, बिल्ले कसे रंगवता?

रंगवत नाही. खेळताना ही फौज दोन-अडीच फुटांवरून दिसते. तिथून माणूस दिसत नाही, तुकडी दिसते. म्हणून रंगवायची ती तुकडी. पाच सैनिकांच्या बेसवर डोळ्याला तीन गोष्टी कळल्या की पुरे: हे कुणाचे, हातात काय, तोंड कुठे.

यातून दोन नियम निघतात. एक, रंग नेहमीपेक्षा उजळ घ्या. बाटलीत छान दिसणारा गडद हिरवा 6 मिमीवर काळा दिसतो. प्रत्येक रंगात थोडा हस्तिदंती किंवा फिका करडा मिसळा, भीती वाटेल इतका. दोन, शेजारच्या दोन रंगांत उजेड-अंधाराचा फरक ठळक ठेवा. तपकिरी गणवेशावर तपकिरी पट्टा अगदी सफाईने रंगवलात तरी तो कुणालाच दिसणार नाही.

फोटोचा मोह हा या मापाचा शत्रू आहे. मोबाइल दहापट मोठं करून दाखवतो आणि आपण उगाच खट्टू होतो. काम तपासायचं तर मिनिएचर टेबलावर ठेवा आणि उभे राहून बघा.

4. प्रायमर काळा, पांढरा की करडा?

माझं मत: खाली काळा आणि वरून, तिरक्या कोनातून, पांढरा. खाचांमध्ये काळा राहतो, खांदे आणि डोकी उजळतात, आणि निम्मं शेडिंग फुकटात होतं. पांढरा स्प्रे नसेल तर काळ्यावर आधी करडा आणि मग पांढरा ड्रायब्रश करा. या मापावर तो स्प्रेपेक्षा जास्त स्पष्ट येतो. नुसता काळा ठेवलात तर पुढचा प्रत्येक रंग दोनदा लावावा लागेल. कॉन्ट्रास्ट प्रकारचे रंग वापरणार असाल तर बेत बदलतो, प्रश्न 7 बघा.

5. पावसाळ्यात स्प्रे मारला तर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. का?

हवेतला ओलावा सुकणाऱ्या थरात अडकतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर आणि विशेषतः मॅट व्हार्निशचा स्प्रे कपाटात ठेवून द्यावा. या दिवसांत ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन-अॅक्रिलिक प्रायमर बरा. तो पातळ दोन थरांत लावा आणि एक रात्र राहू द्या. लगेच नखाने घासून बघाल तर सालीसारखा निघेल.

विदर्भातल्या वाचकांची तक्रार नेमकी उलटी असते: एप्रिल-मेमध्ये स्प्रे मारला की पृष्ठभाग सॅंडपेपरसारखा खरखरीत होतो. तिथे रंगाचे थेंब मिनिएचरवर पडण्याआधी हवेतच सुकतात. सकाळी लवकर फवारा, डबा थोडा जवळ धरा, आणि हात थांबवू नका. खरखर आलीच तर 6 मिमीवर ती लपत नाही. पुढे न जाता रंग उतरवा (प्रश्न 16).

6. पायदळाची तुमची पद्धत पायरी-पायरीने सांगाल का?

पंधरा-वीस सैनिक आइस्क्रीमच्या काड्यांवर फेविक्विकच्या टिंबाने चिकटवा, दोन सैनिकांत बोटभर जागा सोडून. एकेक सुटा सैनिक धरून रंगवणं म्हणजे मानेला शिक्षा.

प्रश्न 4 प्रमाणे प्रायमर झाला असं धरू. आधी गणवेशाचा रंग सगळीकडे, पातळ, सरसकट. बाहेर गेला तरी चालेल. मग छातीचं चिलखत आणि शिरस्त्राण दुसऱ्या, जास्त उजळ रंगाने. बंदूक काळी करू नका, गडद करडी करा. काळी बंदूक काळ्या सावलीत गायब होते. चेहरा उघडा असेल तर शिरस्त्राण आणि कॉलर यांच्यामध्ये कातडीच्या रंगाचा एकच ठिपका.

आता तपकिरी वॉश, डोक्यापासून पायापर्यंत. इथे घाई करू नका. वॉश ओघळून पायाशी साचतो आणि गुडघ्यांच्या मध्ये त्याचा पडदा तयार होतो. ब्रश धुऊन कागदावर कोरडा करा आणि त्याच्या टोकाने ते डबकं टिपून घ्या. पूर्ण सुकू द्या. मग उजळ चिलखताच्या रंगात आणखी थोडा हस्तिदंती मिसळून शिरस्त्राणाच्या माथ्यावर आणि दोन्ही खांद्यांवर टेकवा, ब्रशच्या टोकाने नाही, कुशीने. टोकाने लावायला गेलात की हात थरथरतो. कुशीने उंचवट्यालाच रंग लागतो.

शेवटी शिरस्त्राणावरची, डोळ्यांसमोरची काचेची पट्टी. अख्ख्या फौजेला एकच झगझगीत रंग: नारिंगी किंवा फिरोजी. एका टेकवणीचं काम, पण फौज विज्ञानकथेतली वाटते ती यामुळेच. त्या रंगाच्या विरुद्ध छटेची जमीन केली तर आणखी उठून दिसते.

7. कॉन्ट्रास्ट किंवा स्पीडपेंटने एका थरात काम होतं म्हणतात. खरं का?

पायदळाचं, हो. हे रंग खाचेत गडद आणि उंचवट्यावर फिके बसतात, आणि 6 मिमीचा सैनिक म्हणजे सगळा खाचा-उंचवट्यांचाच. पांढऱ्या किंवा अगदी फिक्या करड्यावर लावा. सपाट जागेवर मात्र ते डाग सोडतात, त्यामुळे रणगाड्यांना आणि टायटनना (महाकाय यांत्रिक योद्ध्यांना) सरळ वापरू नका.

आर्मी पेंटरचे 2022 चे पहिले स्पीडपेंट कुणाकडून मिळाले असतील तर सांभाळा. त्यांच्यावर ओला रंग लावला की खालचा थर पुन्हा विरघळून वर येतो. 2023 च्या दुसऱ्या आवृत्तीत हे सुधारलंय. जुन्या बाटल्या वापरायच्याच असतील तर वरच्या रंगाआधी व्हार्निशचा एक थर द्या.

8. रणगाड्यांवर वॉश डाग पाडतो. काय करू?

सगळीकडे फासू नका. मूळ रंग झाल्यावर त्याचीच उजळ छटा हलक्या हाताने ड्रायब्रश करा, कडा आपोआप उठतात. मग गडद तपकिरी वॉश बारीक टोकाने फक्त पत्र्यांच्या जोडरेघांत आणि बुरुजाच्या बुडाशी सोडा. तो रेघेतून स्वतःच धावतो. आधी ग्लॉस व्हार्निश दिलं असेल तर आणखी सहज. साखळ्या गडद करड्या, त्यांवर जमिनीच्या रंगाचा ड्रायब्रश. इंजिनाच्या जाळीत काळा. दिव्यावर आधी लाल किंवा निळा आणि वरच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका.

छलावरणाचे पट्टे काढायचे तर कमी आणि मोठे काढा. मोठ्या मॉडेलवरची नक्षी लहान करून काढली की दुरून सगळी कालवल्यासारखी एकजीव दिसते.

9. बेस केवढे आणि किती जाड?

आकार खेळाचे नियम ठरवतात. 'लीजन्स इम्पिरिअलिस'चं पायदळ 25 मिमीच्या गोल बेसवर असतं, तर तिथल्या रणगाड्यांना बेस नसतो. जुन्या 'स्पेस मरीन'चे बेस चौकोनी, पाच-पाच सैनिकांचे. 1997 च्या 'एपिक 40,000'मध्ये लांबट पट्ट्या आल्या. घरच्या घरी खेळत असाल तर दोन्ही फौजांचे बेस सारखे असले की भांडण नाही.

जाडीबद्दल मी हट्टी आहे. 3 मिमीचा बेस म्हणजे सैनिकाच्या निम्म्या उंचीचा चौथरा, आणि त्यावरचा सैनिक पुतळ्यासारखा दिसतो. 1 मिमी उत्तम, दीड ठीक. लेझर कटिंगवाल्याकडून पातळ एमडीएफ कापून घेता येतो, पण तो पाणी पितो. वरून ओला फेविकॉल लावला की दुसऱ्या दिवशी कडा वर येतात. दोन्ही बाजूंना आधी रंगाचा थर द्या. हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वायसर स्वस्त, वजनदार आणि चुंबकाला चिकटणारे. भोकावर मास्किंग टेपचा तुकडा लावला की झालं.

10. जमिनीसाठी काय वापरता? रवा, चहाचा चोथा, रांगोळी चालेल?

आधी हिशेब. 1/300 ला 1 मिमीचा खडा म्हणजे फूटभराचा दगड. 2 मिमीचं गवत म्हणजे दोन फूट उंच. सहा मिमीचा गवताचा झुपका तर सैनिकाच्या डोक्यापर्यंत उंच. बाजारात मिळणारं बहुतेक बेसिंगचं साहित्य मोठ्या मॉडेलसाठी असतं, हे त्यातलं दुखणं.

पांढरी रांगोळी चालते, नुसती चालत नाही, या मापाला ती माझी पहिली पसंती आहे. ती दगडाचीच पूड, दाणा बारीक आणि सारखा. पातळ फेविकॉलवर भुरभुरवा, सुकल्यावर झटका, मग पाणी मिसळलेल्या फेविकॉलचा आणखी एक थर द्या, नाहीतर ड्रायब्रश करताना निघते. रंगीत रांगोळी नको, तिचा रंग ओल्यात सुटतो. बांधकामाची वाळू घेतलीत तर चहाच्या गाळणीतून गाळा आणि खाली पडेल तीच वापरा. किनाऱ्यावरची असेल तर आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, मीठ राहिलं तर रंगातून वर येतं.

रवा नको. टोके होतात, आणि मुंग्या तुमच्या फौजेवर खरोखरचा हल्ला चढवतात. चहाचा चोथा खडखडीत वाळवून पालापाचोळा म्हणून चिमूटभर ठीक, ओलसर राहिला तर बुरशी धरतो.

11. मंगळासारखी तांबडी जमीन हवी आहे.

वाण्याकडचा गेरू घ्या. तुळशी वृंदावनाला आणि कुंड्यांना लावतो तोच. त्याचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडचा, मंगळाच्या धुळीचाही तोच. जुन्या मलमलच्या तुकड्यातून वस्त्रगाळ करा.

बेस आधी गडद तपकिरी, मग तांबूस, मग फिक्या वाळूच्या रंगाचा ड्रायब्रश. नुसता लाल ठेवलात तर विटेचा तुकडा दिसतो. वरून कोरडा गेरू जुन्या ब्रशने खळग्यांत भरा, आणि तोच रणगाड्यांच्या साखळ्यांना, सैनिकांच्या पायांनाही लावा. फौज आणि जमीन एकमेकांची वाटायला लागतात ती इथे. पक्का करायला पाणी घातलेल्या मॅट मीडियमचा (बिनरंगाच्या, न चमकणाऱ्या अॅक्रिलिकचा) थेंब कडेने सोडा. रंग थोडा गडद होईल, तो हिशेब धरून गेरूत आधीच चिमूट-दोन चिमूट पांढरी रांगोळी मिसळा.

12. आधी रंगकाम की आधी बेस?

पायदळ काडीवर रंगवून मग बेसवर, आणि जमीन सगळ्यात शेवटी. पायांमधल्या फटीत टूथपिकने फेविकॉल सोडायचा आणि रांगोळी टाकायची. जमिनीचा रंग भरताना बुटांना लागला तर लागू द्या, धूळ समजायची. अपवाद ज्या सैनिकांच्या पायाखाली जाड चकती ओतलेली असते त्यांचा: त्यांना आधी बेसवर चिकटवून चकतीच्या कडेने पुट्टी भरा, नाहीतर प्रत्येक जण नाण्यावर उभा दिसतो.

13. आठ सारख्या तुकड्यांमध्ये कुठली कुणाची, खेळताना कळत नाही.

बेसच्या मागच्या कडेला रंगाची बारीक रेघ: पहिल्या कंपनीला पिवळी, दुसरीला पांढरी. समोरच्या खेळाडूला ती दिसत नाही आणि तुम्हाला सतत दिसते. रणगाड्यांना बुरुजाच्या माथ्यावर आडवा पट्टा. नायकाचा बेस वेगळा कळावा म्हणून त्यावर दोन-तीन खडे जास्त टाका, वेगळा रंग नको.

14. व्हार्निश लागतंच का?

धातूच्या मिनिएचरला हमखास. बंदुकीच्या नळ्या आणि शिरस्त्राणं हाताळून लवकर उघडी पडतात. आधी ग्लॉस, तो टणक असतो, त्यावर मॅट. मॅटने पांढरट धुकं धरलं तर घाबरू नका, वरून ग्लॉसचा एक थर दिला की बहुतेक वेळा ते विरतं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. ऋतूचं पथ्य प्रश्न 5 मध्ये आहे.

15. थ्रीडी प्रिंट केलेल्या रणगाड्यांवर ड्रायब्रश केला की पायऱ्या दिसतात.

ड्रायब्रश उंचवटा शोधतो आणि प्रिंटचा प्रत्येक थर हा उंचवटाच. 0.05 मिमीचा थर 1/300 ला दीड सेंटिमीटरची पायरी होते. घुमटावर आणि उतरत्या चिलखतावर त्या सगळ्यात जास्त दिसतात. मॉडेल तिरकं ठेवून छापलं तर पायऱ्या बारीक होतात. छापून झालं असेल तर ड्रायब्रश सोडा आणि कडा ब्रशच्या कुशीने रंगवा. घासायचं असेल तर पाण्यात बुडवून घासा आणि मास्क लावा, रेझिनची (प्रिंट ज्याची होते त्या प्लास्टिकची) धूळ फुप्फुसाला वाईट. कच्चं रेझिन उघड्या हाताने धरू नका, त्वचेला त्याची अॅलर्जी बसू शकते. तोफांच्या नळ्या छापण्याआधीच फाइलमध्ये थोड्या जाड करा. प्रमाणशीर नळी पहिल्याच खेळात मोडते.

16. सेकंडहँड घेतलेल्या फौजेचा जुना रंग कसा काढू? आणि त्यात शिसं असतं का?

1990 च्या दशकाआधीच्या धातूच्या मिनिएचरमध्ये शिसं असण्याची शक्यता भरपूर. रंगवताना ब्रश ओठांनी टोकदार करू नका, हात धुतल्याशिवाय खाऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका, आणि घासलेली पूड ओल्या कागदाने पुसा. पांढरी पावडर धरलेला तुकडा वेगळा काढा.

धातूचा रंग उतरवायला डेटॉल चांगलं. रात्रभर बुडवा, हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासा, आणि पहिलं खळबळणंसुद्धा डेटॉलमध्येच करा. लगेच पाण्याखाली धरलंत तर सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होऊन खाचांमध्ये बसतो. प्लास्टिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल. अॅसिटोन प्लास्टिकच्या आसपासही नको, अख्खा रणगाडा वितळेल. थ्रीडी प्रिंटला अल्कोहोलही थोडा वेळच, तासन्‌तास ठेवलं तर ते ठिसूळ होतं.

17. जुने 6 मिमी आणि नवे 8 मिमी एका फौजेत चालतील?

पायदळ एकाच बेसवर नको, फरक लगेच दिसतो. वेगवेगळ्या बेसवर, वेगवेगळ्या तुकड्या म्हणून चालतं. रणगाडे बरेच खपून जातात, कारण विज्ञानकथेतला रणगाडा केवढा असावा हे कुणी मोजलेलं नाही. फक्त एकाच नावाचं वाहन दोन मापांत शेजारी ठेवू नका. सगळ्यांची जमीन एकसारखी केलीत की डोळा बरंच माफ करतो.

18. टायटनलाही हेच नियम?

नाही. टायटन एकटा असतो, मोठा असतो, आणि त्याच्याकडे लोक वाकून बघतात. त्याला मोठ्या मिनिएचरची शिस्त लावा: सपाट चिलखतं सुटी ठेवून रंगवा, सांगाडा धातूच्या रंगात वेगळा, डिकल (पाण्याने चिकटवायची चिन्हं) ग्लॉसवर, आणि मग जोडणी. त्याचा मोठेपणा मात्र बेसवर ठरतो. पायाशी मोडकी भिंत, दिव्याचा खांब, चिरडलेली मोटार ठेवा. 1/300 ला दोन पदरी रस्ता जेमतेम 23-24 मिमी रुंद होतो. तो पायाखालून जाऊ द्या.

19. विमानं आणि हवेत तरंगणारे रणगाडे कसे उभे करायचे?

तरंगणाऱ्या रणगाड्याला उंच दांडी नको. पोटाखाली 2-3 मिमीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा पुरे, आणि त्याच्या खालची जमीन थोडी गडद करा, सावली पडल्यासारखी. विमानांना 1 मिमीची पितळी तार, वरच्या टोकाला छोटं निओडिमियम चुंबक म्हणजे ठेवताना विमान काढता येतं. विमान धातूचं असेल तर बेस वायसरचाच करा, शक्यतो दोन वायसर एकावर एक. प्रश्न 9 मधला पातळपणाचा हट्ट इथे सोडायचा, नाहीतर फासे पडल्याच्या धक्क्यानेसुद्धा विमान नाकावर येतं.